पंगत उठेपर्यंत

माझी ॲसिडिटी काही वर्षं एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेच्या ताब्यात होती. सकाळी पोह्यांवर तर्री घ्यायला मी वाटी पुढे केली की टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून त्या नुसती मान हलवायच्या, आणि मी, वृद्धाश्रमाचा पगारी व्यवस्थापक, वाटी मागे घ्यायचो. नागपुरात जन्मून कोरडे पोहे खाण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ते कोरडे घास गिळता गिळता मी समोरच्या देशकरकाकांना विचारायचो, "झालं का साफ?" कारण देशकरकाकांचं पोट माझ्याकडे होतं. काका आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होते. ते चष्मा पुसायचे आणि सांगायचे, "अंशतः."

हे सगळं मेट्रनबाईंनी लावून दिलेलं. त्यांना जाऊन आता दुसरा उन्हाळा लागला, पण आमच्याकडे अजून कोणीही स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलत नाही. बोललं तर बाकीचे कानांवर हात ठेवतात.

बाईंचं म्हणणं असं होतं की माणसाला स्वतःचं दुखणं कधीच नीट दिसत नाही. "आपला गुडघा आपल्याले डोंगराएवढा दिसते, अन् जे खरंच बिघडलं आहे ते आपण लपवतो. दुसऱ्याचं मात्र बरोबर मापाचं दिसते." म्हणून त्यांनी सगळ्या आश्रमाची दुखणी एका सकाळी वाटून टाकली. ज्याचं दुखणं त्याच्याकडे ठेवायचं नाही, एवढाच नियम. कोणाची खोकला-कफाची तक्रार समोरच्या खोलीतल्या आजोबांकडे गेली, कोणाची शुगर शेजारणीकडे. मी म्हटलं, "बाई, मी इथे राहायला नाही, नोकरीला आहे." त्या म्हणाल्या, "मग काय पोट घरी ठेवून येता का?"

गुरुवारी रामदासपेठेतून डॉक्टर यायचे. तरुण, हुशार, घाईतले. पहिल्या गुरुवारी त्यांनी एका आजोबांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "दुखतं का?" खिडकीजवळ बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "काल जिना चढले अन् आज लपवून राहिले." डॉक्टर म्हणाले, "आजी, मी त्यांना विचारतोय." आजी म्हणाल्या, "त्यांले काय विचारता? गुडघा माझ्याकडे हाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पण महिन्याभरात डॉक्टरांच्या लक्षात आलं की इथे कोणी गोळी चुकवली, कोणाला लघवीला त्रास होतो, कोण रात्री पडून सकाळी गप्प बसलं, हे सगळं न विचारता कळतं. मग ते सरळ विचारू लागले, "यांचा बीपी कोणाकडे आहे?"

बाईंचं स्वतःचं दुखणं कोणाकडे होतं, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. त्यांना दुखणं असेल असं वाटायचंच नाही.

त्या आमच्याकडे आल्याच मुळी माझ्या चुकीमुळे. आमचा आश्रम उमरेड रोडला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे. त्याआधी मी जरीपटक्यात एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक होतो. आश्रमाच्या विश्वस्तसाहेबांनी मला तिथूनच उचललं. साहेबांचा लोखंडाचा धंदा, आईच्या आठवणीत आश्रम बांधलेला. ते म्हणाले होते, "लग्न काय, म्हातारपण काय, मॅनेजमेंट एकच. जेवण वेळेवर, पाणी गरम, आणि भांडण बाहेर जाता कामा नये." मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक बाई ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिल्या. पांढरे केस, पांढरी खळ लावलेली साडी, ताठ मान. मी म्हटलं, या आजी. मुलं कुठे असतात? त्या म्हणाल्या, "मुलं नाहीत. पेशंट होते." मला वाटलं वयोमानाने बोलतात. मी त्यांना खोली दिली, उशी दिली, दूध पाठवलं. त्या दूध पिऊन झोपल्या. सकाळी माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "ड्युटी कितीपासून?"

साहेबांनी 'अनुभवी नर्स पाहिजे' अशी जाहिरात दिली होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाई सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आता ठेवून तर घेतलंच आहे तुम्ही." तेव्हापासून त्या दोन्ही होत्या. "ड्युटीवर असली की नर्स, नसली की म्हातारी," असं त्या स्वतःच सांगायच्या. फक्त ड्युटी संपलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांचा एक फोटो आणि बुद्धाची एक लहान मूर्ती होती. सकाळी त्या दोघांना वंदन करायच्या आणि बाहेर येऊन आम्हा उरलेल्यांना फैलावर घ्यायच्या.

पंगत मात्र माझी. ते श्रेय मी कोणाला देणार नाही. मी येण्याआधी इथे लोक येतील तसे जेवायचे, उठतील तसे उठायचे, त्यामुळे कोणाच्या वाट्याला पोळी थंड आणि कोणाच्या वाट्याला पोळीच नाही. मी टेबलं लांब ओळीत लावली, सगळ्यांना एकदम बसवलं, एकदम वाढलं. टेबल-खुर्चीवरची का असेना, पंगत ती पंगत. मेट्रनबाईंनी दोन दिवस उभं राहून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यात आपलं कलम जोडलं. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

आता हे तर आपल्याकडे जुनंच आहे. पंगतीतून अर्ध्यात उठणं म्हणजे शेजारच्याचा अपमान. माझ्या कार्यालयात नवऱ्या मुलाचा मोठा काका मठ्ठा वाढायच्या आधी उठला म्हणून व्याही रुसलेले मी पाहिले आहेत. पण लग्नात शेवटचा माणूस म्हणजे जिलबीवर ताव मारत बसलेला. इथे शेवटचा माणूस म्हणजे ज्याला कवळी बसत नाही, हात थरथरतो, वरणाचा घोट घशात अडकतो तो. सगळ्यांचा वरणभात होऊन हात वाळून कडक व्हायचे, तरी एक आजोबा आपले चावतच. लोक कुरकुरले. बाई म्हणाल्या, "बाकीचे उठले की हळू जेवणारा बी उठते. अर्ध्या पोटी. म्हातारा माणूस भुकेनं बारीक नाही होत, लाजेनं होते." लोक बसू लागले, गप्पा मारू लागले, आणि काही दिवसांनी त्या आजोबांचा सदरा त्यांना घट्ट होऊ लागला.

एवढ्यावर राहिलं असतं तर बाई विक्षिप्त होत्या असं मी म्हटलं नसतं. पुढे गिरजाआजी पडल्या.

गिरजाआजी कुहीकडच्या. धानाच्या बांधीत चिखल तुडवत उभा जन्म गेलेला. मागेपुढे कोणी नाही, एक भाचा होता, त्याचं तिकडे खत-बियाण्यांचं दुकान. आजी तोंडाने फटकळ, पायाने चपळ. आवारात शिरलेल्या बकरीला हाकलायला धावल्या आणि पायरीवरून गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ऑपरेशन झेपायचं नाही. आता पलंग.

आमच्या आश्रमात भिंतीवर रंगवलेला एक नियम आहे. निवासी स्वतः चालत भोजनगृहात येऊ शकला पाहिजे, न येऊ शकल्यास नातेवाइकांनी त्याला घेऊन जावे. हा नियम बहुतेक सगळ्याच आश्रमांत असतो, कोणी भिंतीवर रंगवतं, कोणी रंगवत नाही. साहेबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "हा वृद्धाश्रम आहे, दवाखाना नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळायला हात लागतात. काही झालं तर जबाबदार कोण?" आधी एक आजोबा असेच घरी पाठवले होते. मेट्रनबाई त्यांना नंतर भेटून आल्या होत्या. त्यांची पाठ पाहिली असं म्हणाल्या. काय दिसलं ते सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि पंगत त्यांच्याविना बसली ती तेवढी एकदाच.

भाच्याला फोन गेला. तो म्हणाला, घेऊन जातो, दुकानाच्या मागे जागा करतो. मेट्रनबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "मागे म्हणजे कुठं गा?" भाचा म्हणाला, खताच्या पोत्यांजवळ, पण पंखा आहे. "अन् पलटवन कोन तिले?" बाईंनी फोन मला परत दिला आणि म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत नाही राहत ही तिथं." हे त्यांनी साखर संपली म्हणतात त्या आवाजात सांगितलं. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.

मी पोहोचेपर्यंत 'भोजनगृह' ही पाटी गिरजाआजींच्या पलंगाच्या वर भिंतीवर लागली होती. बाई स्टुलावर उभ्या होत्या आणि चित्रकलेच्या बाई खालून पाटी सरळ आहे का ते सांगत होत्या. ती सरळ नव्हती. तासाभरात टेबलंही आली. खोलीत चारच खुर्च्या मावल्या, म्हणून पंगत दारातून बाहेर निघाली आणि व्हरांड्यातून थेट न्हाणीघरापर्यंत गेली. वाढणाऱ्या ताईंना आता स्वयंपाकघरातून पातेली घेऊन अख्खी इमारत ओलांडावी लागत होती. त्या म्हणाल्या, "उद्या शेगडी बी हिच्या उशापाशी मांडता का?" मेट्रनबाईंनी खरंच जागेचा अंदाज घेतला.

मला भीती देशकरकाकांची होती. नियमाच्या बाबतीत ते साहेबांचे कान होते. काकांनी आधी भिंतीवरचा नियम जाऊन वाचला, मग पाटी वाचली, मग आजींकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "नियमात 'येणे' असा शब्द आहे. सदर बाई भोजनगृहातच वास्तव्यास असल्याने येण्याचा प्रश्न उद्भवत नाही." मेट्रनबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आजींच्या टाचा तिथल्या तिथे काकांच्या ताब्यात दिल्या. पडून राहिलेल्या माणसाची कातडी आधी टाचा, खुबा आणि कंबरेखाली लाल होते. लाल जागेवर अंगठा दाबायचा. पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर ओरडायचं. काकांनी जन्मात परक्या बाईच्या पायाला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी डोळे मिटून दाबलं. बाई म्हणाल्या, "काका, डोळे उघडून. रंग पाहायचा आहे, नवस नाही फेडायचा."

आता प्रश्न आला आजींना पलटवण्याचा. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, नाहीतर पाठ जाते. पहिल्याच दिवशी कामाच्या मावशी आणि बाई मिळून पलटवायला गेल्या, तर आजींनी पलंगाचा गज धरला.

"मी का भाकर हाओ, उलटी-पालटी कराले? सोड वं."

"पाठ सडन तुही."

"सडू दे. एवढे लोक जेवून राहिले अन् मले एकटीले पलटवून राहिल्या. शरम नाई वाटत?"

बाई थांबल्या. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग ताईंच्या हातातला डाव आणि एक रिकामं ताट घेतलं, व्हरांड्यात आल्या आणि ताटावर डाव हाणून ओरडल्या, "कूऽस. सगळ्यांनी."

कोणाला काही कळेना. बाईंनी करून दाखवलं. बसलेल्या माणसाने डाव्या मांडीवरचा भार उजव्या मांडीवर घ्यायचा. उभ्या माणसाने पाय बदलायचा. पडलेल्याने दुसऱ्या कुशीवर व्हायचं, होत नसेल तर बाकीचे करतील. गिरजाआजी गज धरून पाहत होत्या. सगळी पंगत एका बाजूला कलली, देशकरकाका तर जरा जास्तच कलले आणि चित्रकलेच्या बाईंच्या खांद्यावर आले. आजींना हसू फुटलं, हात सुटला, आणि तेवढ्यात मावशीने त्यांना पलटवलं.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी आमच्याकडे ताट वाजायचं आणि अख्खा आश्रम कूस बदलायचा. दुपारी झोपलेले झोपेत बदलायचे. एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आत आला आणि ताट वाजलं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने सिलिंडर दुसऱ्या खांद्यावर घेतला.

हे साहेबांच्या कानावर जाणारच होतं. भाच्यानेच फोन केला. त्याने मागे जागा केली होती, गाडी ठरवली होती, आणि इकडून कोणी आजींना सोडत नव्हतं. एका दुपारी गाडी आली. पुढे ड्रायव्हरजवळ भाचा, मांडीवर नवं ब्लँकेट. मागोमाग साहेबांची गाडी. साहेब व्हरांड्यातल्या टेबलांना वळसे घालत खोलीपर्यंत आले, पाटीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हे काय चालू आहे यार?"

त्या दिवशी वडाभात आणि कढी होती. पंगत नुकती बसली होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "जेवून घ्या. उपाशी पोटी पेशंट हलवत नाहीत. गाडीवाल्या भाऊलेही बोलवा."

साहेब कधी बसून जेवत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना उभ्या-उभ्याच काहीतरी तोंडात टाकताना पाहिलं होतं. पण ताट वाढलेलं होतं, म्हाताऱ्या माणसांची अख्खी ओळ त्यांच्याकडे पाहत होती, आणि खोलीत मोकळी खुर्ची एकच होती, आजींच्या पलंगाला लागून. ते बसले. भाचा दारात बसला, ड्रायव्हर न्हाणीघरापाशी.

साहेबांनी चार घासांत ताट संपवलं आणि खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघालं, "साहेब, पंगत आहे." मला स्वतःलाच माझं नवल वाटलं. नोकरी घालवण्याइतका मी शूर नाही. पण आश्रमातल्या माझ्या पंगतीतून आजवर कोणी अर्ध्यात उठलं नव्हतं, आणि साहेबांना तसं उठू देणं माझ्याच्याने होईना. साहेबांनी खुर्ची पुढे घेतली. "किती वेळ?"

"शेवटच्या माणसाचं होईपर्यंत."

शेवटचं माणूस गिरजाआजी होत्या. त्यांचा मऊ भात अजून सुरूही झाला नव्हता. मेट्रनबाईंनी त्यांना उशांच्या आधाराने बसतं केलं आणि चमचा साहेबांच्या हातात दिला. "तुमचा हात मोकळा आहे."

साहेबांनी चमचा भरला आणि धंद्यातल्या माणसाच्या हातोटीने आत सारला. आजींना ठसका लागला. बाई म्हणाल्या, "ट्रक नाही भरायचा. अर्धा चमचा. हनुवटी खाली. आता थांबा. गळा पाह्या. खाली-वर झाला? आता दुसरा." साहेब थांबले. गळा पाहू लागले. त्यांच्या खिशात फोन वाजत होता. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात वाटी. फोन वाजून वाजून गप्प झाला.

"गरम हाय का गा लेका?" आजींनी विचारलं.

"कोमट आहे," साहेब म्हणाले.

"मंग फुंक मारून काहून राहिला?"

साहेब फुंकर मारत होते हे त्यांनाच माहीत नव्हतं. तेवढ्यात ताट वाजलं. सगळी पंगत कलली, न्हाणीघरापाशी ड्रायव्हरही कलला, आणि साहेब वाटी सांभाळत डाव्या मांडीवरून उजव्या मांडीवर आले. देशकरकाका उठले नाहीत, बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी आजींच्या टाचेवर अंगठा दाबला आणि जाहीर केलं, "पांढरी. नियमित."

वाटी संपायला किती वेळ लागला मी पाहिलं नाही. कढीला साय धरली होती. भाच्याची मान खाली होती आणि तो ब्लँकेटच्या कडेची दोरी बोटाला गुंडाळत होता. आजी त्याला म्हणाल्या, "तू का रडून राहिला रे? तुह्या घरी पोते हायेत. पोते अन् मी, दोघांले कसा पलटवशीन?"

शेवटचा चमचा गेला. साहेबांनी गळा पाहिला. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "उठा," आणि खुर्च्या सरकल्या. साहेब हात धुऊन परत आले, पंच्याला हात पुसत उभे राहिले. "हे रोज असं?" त्यांनी मला विचारलं.

"दोन्ही वेळा, साहेब."

ते बराच वेळ आजींच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता पाटी काढा म्हणतील. माझा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला होता. ते म्हणाले, "पाटी तिरपी आहे. सरळ करा." आणि गेले. भाच्याची गाडी रिकामी गेली, ब्लँकेट मात्र राहिलं. पुढच्या आठवड्यात पलटवायला आणखी एक मावशी आली, आणि साहेब अधूनमधून जेवायला येऊ लागले. भिंतीवरचा नियम आजही तसाच आहे. तो पुसा असं ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

नंतरची गोष्ट थोडीच आहे. एका सकाळी मेट्रनबाई उठल्याच नाहीत. मी खोलीत गेलो तर छताकडे पाहत पडल्या होत्या. म्हणाल्या, "ड्युटी संपली." मी दूध मागवलं, पहिल्या दिवशी मागवलं होतं तसं. त्यांना भोजनगृहातच आणलं, गिरजाआजींच्या शेजारच्या पलंगावर. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, विचारलं, "काय होतंय?" बाईंनी बोट आजींकडे केलं. तेव्हा आम्हाला कळलं की आजी आल्या त्या दिवसापासून बाईंचं दुखणं त्यांच्याकडे होतं. छातीतलं दुखणं, जुनं. आजींना सगळं तोंडपाठ होतं. "जिना चढली की थांबते अन् मनते, मी पाटी वाचून राहिली. पाटी कुठी हाय जिन्यात?" डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊ म्हटलं. आजी म्हणाल्या, "नाई मनते ते. नळ्या नको मनते. जन्मभर दुसऱ्यांले घातल्या तिनं, तिले ठाव हाय कुठी घाल्याची अन् कुठी नाई."

मेट्रनबाई मान हलवून हो म्हणाल्या.

मग त्यांचं जेवण कमी होत गेलं. अर्धी वाटी, चार चमचे, दोन. पंगतीत शेवटचं माणूस आता त्या होत्या. भरवायचं काम मी घेतलं होतं. एका दुपारी मी चमचा ओठांना लावला तर ओठ उघडले नाहीत. मी थांबलो. पुन्हा लावला. बाई, एकच, म्हटलं. बाहेर व्हरांड्यात सगळ्यांचे हात वाळले होते. साहेब आले होते, तेही बसले होते. कोणी उठत नव्हतं. 'उठा' म्हणायचं ते बाईंनीच, आणि त्या तर तोंड मिटून होत्या. मी पुन्हा चमचा नेला. मी चमचा खाली ठेवला की पंगत संपणार होती, आणि मला ती संपायला नको होती. भात थंड झाला. मी मूर्खासारखा त्याच्यावर फुंकर मारत होतो.

पलीकडच्या पलंगावरून गिरजाआजी म्हणाल्या, "ठेव गा आता तो चमचा."

"थोडंसं राहिलंय आजी."

"तिचं जेवन झालं. मले मालूम हाय, तिचं माह्याकडे हाय." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तुमी उठून नाई राहिले म्हनून बसून हाय ते बिचारी. उठा गा सगळे."

मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडे नाही, आजींकडे पाहत होत्या, आणि चूक पकडली गेल्यासारखं त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी चमचा वाटीत ठेवला. बाहेर आधी साहेबांची खुर्ची सरकली, मग एकेक करून सगळ्यांच्या. नळाखाली हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी वाटी उचलून निघालो तेव्हा आजी म्हणाल्या, "अन् मले पलटव. त्या बाजूनं." आजवर त्यांनी स्वतःहून कधी पलटवा म्हटलं नव्हतं. वेळही झालीच होती. दारात देशकरकाका ताट आणि डाव घेऊन उभे होते, वाजवावं की नाही या विचारात. मी मान डोलावली. त्यांनी अगदी हळू वाजवलं. व्हरांड्यात उभ्या असलेल्यांनी पाय बदलले. मी आधी आजींना पलटवलं, मग मेट्रनबाईंना. दोघींचे चेहरे समोरासमोर आले, आणि मी दोघींच्या पाठीशी उशा लावल्या.